मागच्या चाकाला सात दाब

नागभीड, सोमवार, ११ नोव्हेंबर १९५७

ही वही आजपासून लिहीत आहे. दुकानात काय होते, कोण काय करतो, गाडीला काय झाले, हे सारे तारीखवार आणि शुद्ध लिहायचे. पुढे कोणी म्हणायला नको की मुखरू उगाच दुसऱ्यावर आळ घेतो. वेळ येईल तेव्हा वही गुणवंतरावभाऊंच्या पुढे ठेवीन. तोपर्यंत तोंडाने काही बोलायचे नाही.

प्रथम हकिकत. भाऊंचे सायकलचे दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. मी इथे सहा वर्षे आहे. सातवीत असताना बाप गेला म्हणून शाळा सुटली, नाहीतर परीक्षेला बसलो असतो. दसऱ्याला भाऊंनी नागपूरहून लष्कराच्या लिलावातली एक मोटारसायकल आणली. नागपूरची वर्तमानपत्रे सकाळच्या आगगाडीने इथे उतरतात. त्यांचे गठ्ठे ब्रह्मपुरीवरून वैनगंगेच्या घाटापर्यंत पोचवण्याचे काम भाऊंना मिळाले आहे. पण आधी गाडी सरकारी तपासणीत पास झाली पाहिजे. तपासणीचे साहेब २ डिसेंबरला विश्रामगृहावर येणार आहेत. जो माणूस त्यांच्यापुढे गाडी चालवून दाखवील त्याच्याच नावाने परवाना निघेल आणि गठ्ठे तोच नेईल.

तो माणूस मी, हे दसऱ्यापासून सर्वांना ठाऊक होते. मग पोचू आला.

पोचू अहेरीकडच्या जंगलातल्या गावचा. लाकडाच्या ट्रकवर दोन वर्षे क्लीनर होता. अक्षर एक ओळखत नाही. केसांना मात्र दिवसातून तीनदा पाणी लावून भांग पाडतो. येऊन दोन आठवडे झाले. भाऊ मला म्हणतात, "मुखरू, ते झालं का?" आणि त्याला म्हणतात, "पोचू, इकडं ये ना गा." हा फरक माझ्या चौथ्याच दिवशी लक्षात आला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मागचा ब्रेक सैल वाटतो. पायाची पट्टी दाबली की खाली जाते, पण चाक मनावर घेत नाही. ब्रेकच्या सळईला टोकाशी हाताने फिरवायचा नट आहे, तो अर्धा फेरा कसला.

पोचू बाजूला बसून पाहत होता. म्हणाला, "नट कसून काय होते मास्तर? आंदर पाहा लागते."

मी लिहितो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. हे ऐकून शेजारची कमळाही हसली. शेजारी सुगंधाबाईंचे चहाचे दुकान आहे, कमळा त्यांची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे वीस. ती त्याला पोचूभाऊ म्हणते. मला ती काहीच म्हणत नाही, भाऊ तर नाहीच. नुसती येऊन उभी राहते आणि बोलायला लागते. सहा वर्षांच्या शेजाऱ्याला एवढाही मान नाही, आणि दोन आठवड्यांच्या माणसाला भाऊ.

आज ती विहिरीच्या कप्पीबद्दल तिसऱ्यांदा सांगायला आली. दोन्ही दुकानांच्या मागे एकच विहीर आहे आणि तिची कप्पी फार करकरते. मी म्हटले, हे दुकानाचे काम नाही, पोचू रिकामा बसला आहे, त्याला सांग. तर म्हणाली, "पोचूभाऊले नाई सांगत. तुमाले सांगून राह्यली."

त्याला त्रास होऊ नये म्हणून असेल.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज शनिवारचा नेम केला. नेम असा: भाऊ सकाळी मारुतीला तेल वाहून येतात. मग दुकानातल्या प्रत्येक सायकलच्या प्रत्येक चाकाच्या मध्यात सात थेंब तेल. सात का, तर दुकान सुरू झाले तेव्हा भाड्याच्या सात सायकली होत्या. वीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. मोटारसायकल आली तेव्हा भाऊंनीच सांगितले की हिलाही तोच नेम. तिच्या चाकात तेल नव्हे, पितळी पिचकारीने ग्रीस भरतात, म्हणून थेंबांऐवजी सात दाब.

मागच्या चाकाला सात दाब दिले. पुढच्याला सात. दाब मी मोठ्याने मोजतो म्हणजे चुकत नाहीत.

पोचू म्हणाला, "आज राहू दे मास्तर. नाईतर आन, मी करतो." मी पिचकारी दिली नाही. हा माणूस आता माझा शनिवारसुद्धा घ्यायला निघाला आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ब्रेक पुन्हा सैल. काल रविवारी ब्रह्मपुरी रस्त्याला आठ मैल जाऊन आलो. जाताना ठीक होता, येताना पाय पार खालपर्यंत जात होता. शनिवारी मी गाडी हातावेगळी केली तेव्हा काही बिघाड नव्हता. म्हणजे शनिवार संध्याकाळ ते रविवार सकाळ या वेळात कोणी तिला हात लावला? दुकानात झोपतो कोण? पोचू.

मी कोणाचे नाव घेत नाही. फक्त लिहून ठेवतो.

नट एक फेरा कसला. आता दीड फेरा झाला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दुपारी एका ठेकेदाराची मोटार दुकानासमोर बंद पडली. पोचूने झाकण उघडून कान लावला आणि कुठलीशी नळी तोंडाने फुंकली. गाडी सुरू. भाऊंनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पाठीवर हात ठेवलेला मला आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा ठेवला होता, पण तेव्हा मला ताप होता.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नेम केला. मागच्या चाकाला सात दाब, पुढच्याला सात. आठवडाभर ब्रेक त्रास देतो म्हणून शेवटचे दोन दाब जरा भरून दिले.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज फार वाईट झाले. तरी जसे झाले तसे लिहितो.

सकाळी फेरी मारायला निघालो. परतताना तलावाच्या उंच पाळीवरून खाली उतरत होतो. समोर धानाच्या भाऱ्यांची बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला. पट्टी खालपर्यंत गेली, चाकाने दाद दिली नाही. पुढचा ब्रेक एकदम धरला तर माणूस डोक्यावर पडतो असे ऐकून होतो, म्हणून तो धरला नाही. हँडल वळवले आणि गाडीसकट लटारूभाऊंच्या खळ्यात रचलेल्या भाऱ्यांच्या पुंजण्यात शिरलो. पुंजणे धानाचे होते म्हणून वाचलो.

लटारूभाऊ काठी टेकत आले. आधी मला पाहिले, मग गाडीला, मग मळणीआधीच विस्कटलेल्या धानाला. "पेपर वाटाले निघाला होता का धान चुराले?" म्हणाले. "माह्या बैलाइले अर्धा दिवस लागला असता, तू एका घडीत केलं. उद्या पुन्हा येशीन का?" खळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पोचू सायकलने आला. त्याने गाडी ओढून काढली. मागच्या चाकाच्या मधल्या डब्याला, ज्यात ब्रेक असतो, त्याला हात लावला तर चटका बसला. मग डब्याच्या कडेला बोट फिरवले, बोटाचा वास घेतला, बोट पँटीला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाल मास्तर, घरी चाल."

लपवण्यासारखे काही असल्याशिवाय माणूस तोंड फिरवत नाही.

दुकानात पोचल्यावर कमळा आली. विचारले, "लागलं नाई ना कुठी?" कोपर थोडे सोलले होते. तिने वाटीत हळद आणली होती. खळ्यातली गोष्ट तिला इतक्या लवकर कोणी सांगितली? पोचूनेच. आणि गंमत बघायला तिला पाठवले. मी हळद लावून घेतली नाही. वाटी तिथेच ठेवून ती गेली. नंतर मी ती लावली, कारण वाया गेली असती.

सोमवार, २५ नोव्हेंबर

भाऊ म्हणाले की साहेबांपुढे पोचू गाडी चालवील.

एवढेच म्हणाले. मी "बरं" म्हटले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

काल जास्त लिहिता आले नाही. आज लिहितो.

मला पोचूचा राग नाही. राग येण्याइतका तो मोठा नाही. पण दसऱ्यापासून रोज मी मनात तो रस्ता जाऊन येतो. सकाळची गाडी येते, मी गठ्ठे सोडतो, सगळ्यांच्या आधी वर्तमानपत्र माझ्या हातात असते, शाई अजून बोटाला लागते. मग गठ्ठे बांधून निघायचे. ब्रह्मपुरीत मास्तर लोक चौकात वाट पाहत असतात. घाटावर नावाडी वाट पाहत असतो. सगळे माझी वाट पाहत असतात. आता ते सगळे पोचूची वाट पाहतील, आणि त्याला पेपर उलटा धरला तरी कळणार नाही.

विहिरीवर तो कमळाला बादली ओढून देत होता. कप्पी करकरत होती आणि ती दोघे हसत होती. कमळाने मध्येच दुकानाकडे पाहिले. मी आत सरकलो. एकदा तर तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "त्याइले काऊन समजत नाई पोचूभाऊ?" कोणाबद्दल बोलत होती कोण जाणे. माझ्याबद्दल असेल. खळ्याचा विषय चालला असेल.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज उलगडा झाला.

भाऊंच्या सांगण्यावरून पोचूने मागचे चाक खोलले. डब्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात. पाय दाबला की ते पसरून डब्याला आतून घासतात आणि चाक थांबते. त्या दोन्हीवर काळे ग्रीस, बोटभर थर. डबा आतून नुसता लडबडलेला. निसरड्यावर निसरडे घासून चाक कसे थांबणार?

भाऊंचा आवाज चढला. "हे कोनं केलं?"

 कोणी केले ते मला माहीत नव्हते, पण कोणाचे नाव निघावे हे माहीत होते. पोचूने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भाऊंकडे. मग मान खाली घालून म्हणाला, "माह्याकडून झालं असंल भाऊ."

त्याने स्वतः कबूल केले. मला वही काढावीसुद्धा लागली नाही. भाऊ त्याला बरेच बोलले आणि शेवटी म्हणाले, "साहेबापुढं मुखरूच चालवंल." पोचूने ते दोन तुकडे पेट्रोलने धुतले, पॉलिशपेपरने घासले आणि चाक चढवले. ब्रेक असा लागतो की मागचे चाक जागच्या जागी थांबते.

आज जेवण चांगले गेले. पोचू मागच्या ओट्यावर एकटा बसून जेवला. आज भांग पाडलेला नव्हता.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी नेमाच्या वेळी ग्रीसची पिचकारी जागेवर नव्हती. दुकान उलथेपालथे केले. अर्ध्या तासाने सापडली, पोचूच्या अंथरुणामागे, गोणपाटाखाली. म्हणजे कालची शिक्षा त्याला पुरली नाही. माझा नेम चुकावा आणि भाऊ माझ्यावर रागवावेत, असा डाव. मी भाऊंना सांगितले नाही. परवा साहेबांपुढे गाडी मी चालवणार आहे, मला आता असल्या लहान गोष्टींची गरज नाही.

मागच्या चाकाला सात दाब दिले. एकेक दाब सावकाश, दांडा पुरा खाली जाईपर्यंत. पोचू दारात उभा राहून मोजत होता. सातव्याला तो बाहेर निघून गेला.

कमळा कप्पीचे विचारायला आली. पाचवी वेळ. मी म्हटले, सोमवारनंतर पाहू.

रविवार, १ डिसेंबर

आजचे लिहिणे कठीण आहे.

सकाळी शेवटची तयारी म्हणून घाटापर्यंत जाऊन आलो. घाटाचा उतार मोठा आहे. उतरताना ब्रेक ठीक होता. परतताना ब्रह्मपुरीच्या अलीकडे सैल झाला. नागभीडच्या वेशीवर दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी थांबवली.  शुक्रवारी साफ केलेला ब्रेक रविवारी पुन्हा तसाच. साहेब उद्या.

मी सरळ पोचूपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटले की तू पुन्हा केलेस, परवाना मला मिळू नये म्हणून केलेस, माझ्याजवळ तारीखवार पुरावा आहे. तो सायकलचे पंक्चर काढत होता. त्याने काम थांबवले नाही.

"तुह्या वहीत सारं हाय ना?" म्हणाला. "मंग वाच. गिरीस कधी कधी मारला, तेवढंच वाच."

मी वही आणली. त्याला तोंडावर पाडायचे म्हणून मोठ्याने वाचले. शनिवार सोळा, मागच्या चाकाला सात दाब. सोमवार अठरा, ब्रेक सैल. शनिवार तेवीस, सात दाब, शेवटचे दोन भरून. रविवार चोवीस, लटारूभाऊंचे खळे. शनिवार तीस, सात दाब, दांडा पुरा खाली.

पुढे वाचता आले नाही.

पोचू आता माझ्याकडे पाहत होता. त्याने सांगितले ते असे. सायकलचा ब्रेक बाहेर असतो, चाकाच्या कडेला. तिच्या मध्यात कितीही तेल घाला, ब्रेकला लागत नाही. या गाडीचा ब्रेक चाकाच्या मध्यातच आहे. तिला महिन्याकाठी एखादा दाब पुरे. आम्ही दसऱ्यापासून दर शनिवारी सात देत आलो. आतली जागा केव्हाच भरली. आता वर दिलेला प्रत्येक दाब सरळ ब्रेककडे जातो, आणि चाक तापले की पातळ होऊन पसरतो.

मी विचारले, मग शुक्रवारी स्वतःचे नाव का घेतलेस? माझ्यासाठी?

"तुह्यासाठी काऊन घेऊ बे?" तो म्हणाला. "तू मले दोन पैशाचा चहा तरी पाजला का कधी? मालकाची वीस वर्साची रीत हाय. मारुतीच्या नावाची हाय. काल आलेल्या मानसानं ती चूक हाय म्हनाव का? मले वाटलं, साफ करून टाकू आन पिचकारी लपवून टाकू, सोमवार निघून जाईन. तुले तेवढीबी सापडली."

खरे लिहितो. प्रथम मनात आले ते हे, की ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत आहे. ब्रेक गुपचूप साफ करता येईल. चुकीवर नाव पोचूचे लागलेलेच आहे. उद्या परवाना माझा. हे सारे मनात इतके व्यवस्थित आले की जणू आधी कच्चे लिहून ठेवले होते. मी वहीकडे पाहिले. सगळे माझेच अक्षर. एकही खाडाखोड नाही. ही वही भाऊंपुढे ठेवायची म्हणूनच मी लिहायला घेतली होती.

ती घेऊन मी भाऊंकडे गेलो. ते गल्ल्यामागे खुर्चीत बसले होते. मी उभ्याने शनिवारच्या ओळी वाचल्या आणि त्यांच्यापुढच्या ब्रेकच्या ओळी वाचल्या. मधल्या ओळींवर बोट ठेवून त्या गाळल्या. भाऊंनी विचारले, "मधी काय लिवलं हाय?" मी म्हटले, हवापाणी. मागे पाहिले तर कमळा चहाचे कप घेऊन उभी होती. केव्हापासून, ते कळले नाही. तिला वाचता येते, चौथी झाली आहे. तिची मान माझ्या खांद्यापर्यंत आलेली होती. मी वही मिटली. तिने कप इतके हळू ठेवले की वाजलेसुद्धा नाहीत, आणि पदरात तोंड घालून पळत गेली.

भाऊंनी मारुतीच्या तसबिरीकडे पाहिले आणि म्हणाले, "सात दाब मीच सांगतले होते तुले."

मी म्हटले, होय, पण दिले मी.

"आन माह्यं बोलनं आयकून घेतलं त्यानं." त्यांनी पोचूला हाक मारली. तो ओले हात पुसत आला. भाऊ त्याला म्हणाले, "गाढवा, मले सांगाले तुह्या तोंडात काय झालं होतं?" पोचू म्हणाला, "सांगतलं असतं तर आयकलं असतं का भाऊ?" भाऊ म्हणाले, "उद्या पोचू चालवंल. बिमारी ज्यानं ओळखली त्याच्याच पायाखाली ब्रेक राहू दे."

मला हे योग्य वाटले. योग्य वाटले तरी आवडले नाही, तेही लिहितो.

मग चाक खोलले. धुऊन भागणार नव्हते. ग्रीस त्या तुकड्यांच्या आत मुरले होते. पोचू म्हणाला, निखाऱ्यावर शेकावे लागतील, म्हणजे आतले वर येईल. सुगंधाबाईंच्या चुलीवरचे चहाचे भांडे उतरवले आणि पत्र्यावर ते दोन तुकडे ठेवले. काळे थेंब वर येत, मी फडक्याने टिपत होतो, पोचू उलटत होता, कमळा निखारे फुंकत होती. सुगंधाबाई म्हणाल्या, इतकी वर्षं भजी तळली, लोखंड पहिल्यानंच तळून राह्यली. पुढचे चाकही तसेच साफ केले आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही चढली. चाकांच्या मध्यातले जादा ग्रीसही पोचूने मला बोटाने काढायला लावले. सबंध वाटीभर निघाले. माझे सगळे शनिवार त्या वाटीत होते.

सोमवार, २ डिसेंबर

साहेब दहाला आले. विश्रामगृहापुढच्या रस्त्यावर त्यांच्या शिपायाने चुन्याची रेघ मारली. गाडी जोरात आणायची, शिट्टी वाजली की ब्रेक दाबायचा, रेघ ओलांडायची नाही.

मी कागद धरून उभा होतो. पोचूने भांग पाडला होता. तो आला, शिट्टी वाजली, मागचे चाक धूळ ओढत थांबले. रेघ एक हात पुढे राहिली. तो चुकावा असे मला वाटले का? त्या एका क्षणात दोन्ही वाटले. ब्रेक लागावा असे वाटले, कारण तो मी शेकला होता. आणि न लागावा असेही.

साहेबांनी विचारले, ब्रेकचे काम कोणी केले? पोचू म्हणाला, "आमी दोघांनं केलं साहेब. हा मास्तर आन मी." साहेब खूश झाले. हे सांगण्याची त्याची ढब इतकी चांगली होती की त्याचा आणखी हेवा वाटला. माझ्याने असे बोलवले नसते. मी 'मी आणि पोचू' असा क्रम लावला असता.

मग सही करायची वेळ आली. पोचू थांबला. मी कागदावरून वर पाहिले आणि मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही. साहेब म्हणाले, "अंगठा चालेल." माझा आनंद तेवढाच टिकला. शाईची डबी मीच पुढे केली, आणि अंगठा चौकटीच्या बाहेर जाऊ नये म्हणून त्याचा हात धरला.

गुरुवार, ५ डिसेंबर

आजपासून पेपर जायला लागले. पोचूला गठ्ठ्यावरची नावे वाचता येत नाहीत, म्हणून भाऊंनी गठ्ठे लावायचे काम मला दिले. वाटेत जे गाव आधी ते वर, घाटाचा सर्वांत खाली. सकाळची गाडी आली की गठ्ठा मी सोडतो. शाई बोटाला लागते. नागभीडमध्ये आजचे वर्तमानपत्र सर्वांच्या आधी मी वाचले.

पोचू निघाला तेव्हा गाडीचा आवाज ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर लांबपर्यंत ऐकू येत होता. मी तो पुरा संपेपर्यंत ऐकला. नंतर कमळा आली आणि म्हणाली, आज पेपरात काय हाय ते वाचून दाखवा. तिला वाचता येते. मी तसे म्हटले. ती म्हणाली, "माहीत हाय." तरी बसली. तीन पाने वाचली.

शनिवार, ७ डिसेंबर

मारुतीला तेल वाहून भाऊ आले. त्यांनी नेम मोडलेला नाही, बदलला आहे. म्हणाले, "गाडीले महिन्यातून एक दाब. पन सात ते सातच. बाकी सहा कुठी द्यायचे ते तू पाह्य. पुरे झाले पायजे."

मागच्या चाकाला एक दाब दिला. पोचू पेपरची फेरी करून परतला होता. "वा मास्तर," म्हणाला, "मोजता येते तुले." मी त्याला सुगंधाबाईंकडे चहा पाजला. तो म्हणाला की साखर कमी आहे.

बाकी सहा दाब विहिरीच्या कप्पीला. तिला पिचकारीचे तोंड बसत नाही, म्हणून तळहातावर घेऊन आसाला चोळले. पाण्यात थेंब पडू नये म्हणून खाली गोणपाट धरायला कमळा होती. दाब तिने मोजले. काम झाल्यावर तिने बादली सोडली आणि ओढली. काही आवाज झाला नाही.

मला वाटले ती खूश होईल. ती दोर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी विहिरीवर आली हे तुमाले कसं समजंन?"

मी म्हटले, मला समजायची काय गरज आहे, पाणी तर तुम्हाला भरायचे असते.

ती हसली नाही, रागावलीही नाही. "वहीत लिवा," म्हणाली, "जसं बोलली तसंच लिवा. मंग वाचा."

तिने सांगितले तसे लिहिले आहे. दोनदा वाचले. शुद्धलेखनाची चूक नाही. आता तिसऱ्यांदा वाचतो.